आधी मॅगझीन

खट्ट.

आवाज तसा बारीकच होता, कपाटाची कडी नीट न बसता सुटावी तेवढा. पण दुपारी लेक, मुंगी, झोपली की घर असं चिडीचूप व्हायचं, की नळाचा थेंबसुद्धा मोठ्याने बोलल्यासारखा वाटायचा. ती मोरीत बसून मुंगीचा फ्रॉक चोळत होती. तिचे हात साबणात तसेच थांबले.

पाठोपाठ दुसरा आवाज आला. पहिल्याहून मऊ, एखादी डबी तळहातावर पडावी तसा. आणि मग पलीकडच्या खोलीतून वडिलांचा कोरडा, ठाम शब्द: "रिकामं."

ती साबणाच्या हातांनीच उठली.

हे तीन आवाज ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. आठवड्यातून एकदा आबा आपलं पिस्तूल पुसायला काढत. शेजारपाजारच्या घरांत रेडिओ लागायचा, यांच्या घरात हे आवाज. फक्त आज ते उलटे आले होते. आधी स्लाइड, मग मॅगझीन.

यात एवढं दचकण्यासारखं काय, ते ज्याने पिस्तूल हातात धरलेलं नाही त्याला सांगायला हवं. पिस्तुलाच्या मुठीत खालून गोळ्यांची डबी बसवलेली असते, ते मॅगझीन. वरचा सरकता भाग ती स्लाइड. पिस्तूल रिकामं करायचं तर आधी मॅगझीन काढून बाजूला ठेवायचं आणि मग स्लाइड मागे ओढायची, म्हणजे नळीत एखादी गोळी राहिली असली तर तीही उडून बाहेर पडते. पण हेच उलटं केलं, तर मागे गेलेली स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधली वरची गोळी उचलते आणि गुपचूप नळीत नेऊन बसवते. मग खुशाल मॅगझीन काढा, ती एक आतच राहते. हाताला पिस्तूल हलकं लागतं, डोळ्यांसमोर मॅगझीन काढून ठेवलेलं दिसतं आणि मन निर्धास्त होतं. आबा शिकायला आलेल्यांना सांगत, "भरलेल्या पिस्तुलाला सगळेच भितात हो. घात करतं ते रिकामं समजलेलं."

ती धावली नाही. हातात पिस्तूल असलेल्या माणसाच्या खोलीत धावत जायचं नसतं, हेही आबांनीच शिकवलेलं. दाराबाहेर थांबून तिने हाक दिली, "आबा, मी आत येतेय."

"ये की. नव्या पाहुणीसारखी विचारतेस काय?"

आबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. समोर जुना पेपर अंथरलेला, त्यावर तेलाची बाटली, बारीक ब्रश, फाटक्या बनियनचे चौकोनी तुकडे. भिंतीलगतच्या गादीवर मुंगी उताणी झोपलेली, एक पाय उशीवर, तोंड उघडं. पिस्तुलाची नळी कोपऱ्यातल्या वाळूने भरलेल्या पिंपाकडे होती. ते पिंप त्याचसाठी तिथे ठेवलेलं. बोट चापाबाहेर, सरळ. सगळं इतकं बरोबर होतं, की चूक काढणाऱ्यालाच लाज वाटावी.

तिने हात पुढे केला. आबांनी पिस्तूल तिच्या हातावर ठेवलं. मिटलेलं.

या घरात कोणी कोणाला मिटलेलं पिस्तूल देत नसे. स्लाइड मागे ओढून अडकवायची, नळीत डोकवायचं, करंगळीचं टोक घालून चाचपायचं, "रिकामं" म्हणायचं, मग द्यायचं. आणि घेणाऱ्याने हे सगळं पहिल्यापासून पुन्हा करायचं. देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, मग तो सख्खा बाप का असेना. हे त्या बापानेच तिला शिकवलं होतं, ती परकरात असल्यापासून, लाकडाचं खोटं पिस्तूल देऊन.

ती पिंपाकडे वळली आणि स्लाइड ओढली. पिवळीधमक गोळी टुणकन उडाली, पेपरवर पडली, घरंगळत जाऊन तेलाच्या बाटलीला टेकली.

मुंगी झोपेत कुशीवर वळली.

आबा त्या गोळीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग कोणीतरी चष्मा विसरून गेल्यावर विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ही कोणाची?"

"आपलीच आहे, आबा."

"पण मी रिकामं म्हटलं ना?"

"म्हटलंत."

"मग?"

तिने गोळी उचलून ओच्यात टाकली, पिस्तूल आणि मॅगझीन लोखंडी पेटीत ठेवलं, पेटी कपाटात घातली आणि मोरीत जाऊन फ्रॉक पिळत राहिली. फ्रॉकमधलं पाणी कधीच निथळून गेलं होतं, तरी ती पिळतच होती.

*

विसरायला आबांनी वर्षभरापूर्वीच सुरुवात केली होती. आधी चष्मा, मग चुलत्यांची नावं, मग चहा घेतला की नाही ते. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, सांभाळून घ्या. तिने सांभाळून घेतलं. आबांनी तिला एकदा तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली तर तिने आत्या होऊन ओ दिली आणि रात्री नवऱ्याला फोनवर ते हसत हसत सांगितलं. नवरा जहाजावर, वर्षातले थोडेच महिने घरी. तिकडून तोही हसला.

पण हात काही विसरत नव्हते. तिचा भरवसा त्या हातांवर होता. गावात आबांना सगळे मास्तर म्हणत. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे त्यांची लांबट पत्र्याची शेड होती, टोकाला मातीचा उंच बांध, आणि तिथे ते परवाना असलेल्या माणसांना पिस्तूल वापरायला, खरं म्हणजे न वापरायला, शिकवत. पेढीवरचे पहारेकरी येत, पेट्रोल पंपाचा रोखपाल येई, गावाच्या कडेला एकट्या राहणाऱ्या बायका येत. निम्म्यांना ते दारातूनच परत पाठवत. रागावून आलेल्याला मी शिकवत नाही, म्हणायचे, घाबरून आलेल्याला शिकवतो. आणि घाबरून आलेल्यालाही पहिले कित्येक दिवस पिस्तुलाचं दर्शन नाही. तुमच्या दाराची कडी दाखवा, जिन्यातला दिवा बघा, मदतीला कोणाला हाक माराल त्याचं नाव सांगा. पाकीट मागितलं तर देऊन टाका, पाकीट परत मिळतं. पळता येत असेल तर पळा, लाज कसली? हे सगळं करून उरेल त्यासाठी पिस्तूल. लोक वैतागायचे. एक मिशीवाले गृहस्थ म्हणाले होते, मास्तर, मी काय कुलपं शिकायला आलोय का? आबा म्हणाले, कुलूप लावता येत नाही त्याला मी पिस्तूल लावायला शिकवत नाही.

शेवटी परीक्षा. तिच्यात नेम कमी आणि हाताळणं जास्त. भरलेलं पिस्तूल निम्म्यात थांबवून रिकामं करून दाखवा, इथे भलेभले गळत. स्वतःच्या मुलालाही त्यांनी इथेच नापास केलं होतं. एकदा नाही, दरवेळी. शेवटी तो चिडून दुसऱ्या गावी गेला आणि आता फ्रिज विकतो. ती पास झाली तेव्हा आबांनी शाबासकी दिली नाही, शेडची किल्ली तिच्याकडे फेकली आणि म्हणाले, सकाळी लवकर ये, झाडून घ्यावं लागतं.

पिस्तुलातून ती गोळी निघाली त्या संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्यात एवढा विचार कसला, पिस्तूल दुरुस्तीला दिलंय म्हणून सांग आणि ठाण्यात जमा करून टाक, त्यांना कुठे आठवणार आहे. बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. फोन ठेवता ठेवता त्याने हळूच विचारलं, "उलटं केलं? खरंच? आबांनी?" आणि त्या विचारण्यात समाधान असं अजिबात नव्हतं.

दुरुस्तीची थाप काही तिच्या तोंडून निघेना. आबांचं एक म्हणणं होतं. माणसाच्या हातातलं हत्यार हिसकावून किंवा फसवून घेऊ नये, मागून घ्यावं. नाहीतर तो माणूस उरलेला जन्म ते हत्यार शोधत राहतो.

तिने मागायचं ठरवलं. फक्त आज नको, उद्या.

*

उद्या उजाडला तो नेमका औषधाच्या दुकानवाल्या बाईंच्या शिकवणीचा. बाई एकट्याच दुकान चालवत. मध्यंतरी दोघांनी त्यांना गल्ल्यासमोर खाली पाडलं होतं. तेव्हापासून त्यांच्या उजव्या खांद्याला थोडा झोक होता, आणि दार वाजलं की त्या बोलता बोलता थांबत.

आबांनी त्यांना असं काही शिकवलं, की ती झाडू हातात धरून ऐकतच राहिली. खडूने जमिनीवर त्यांचं दुकान काढलं. गल्ला इथे ठेवू नका, तिथे ठेवा, म्हणजे तुमची पाठ भिंतीला आणि मागचं दार हाताशी. शटर अर्धं ओढायची वेळ पक्की करा. रस्त्यापलीकडच्या शिंप्याशी खूण ठरवा. मग बाईंच्या हातात नकली काडतुसांचं पिस्तूल दिलं, त्यांचा झोक गेलेला खांदा पाहिला आणि उभं राहायची पद्धतच बदलून दिली. डावा पाय पुढे घ्या, आता बघा. बाईंच्या तोंडून नुसता श्वास सुटला. "मास्तर, दुखत नाही."

"दुखलं नाही तर हात कचरत नाही. हात कचरला नाही तर चुकत नाही."

तिला वाटलं, आपणच वेड्या. एखाद्या दुपारी एखादी चूक, माणूस आहे. झोपेतून उठले असतील.

शिकवणी संपवून बाई फाटकापाशी गेल्या. आबा अंगणातल्या बाकावर बसले होते. बाईंना पाहताच ते उठले, अदबीने म्हणाले, "या. काय काम काढलंत? शिकायचंय का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो मास्तर. उद्यापासून येते." आणि तिच्याजवळ येऊन, चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करून, खाली वाकून हलकेच म्हणाल्या, "मास्तरांच्या त्या विसरण्यावरच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात, बाई. मी किती घरं बघितली. घरात लहान मूल आहे तुमच्या."

बस, एवढंच. पण आता ते फक्त तिच्या एकटीच्या कानाने ऐकलेलं राहिलं नाही. दुपारी मुंगी कोणाच्या खोलीत झोपते, हे तिला आजपर्यंत कधी मोजून मापून पाहावं लागलं नव्हतं. आबांच्या खोलीत वारा येतो म्हणून ती तिथे झोपायची. आबा तिला गोष्ट सांगायचे, आणि अर्ध्यात विसरले की मुंगी पुढची सांगायची.

तिने तिथेच, बाकावर बापाशेजारी बसून, सगळं सांगितलं. पेटी, गोळी, मुंगी. आवाज शक्य तितका साधा ठेवला. पिस्तूल जमा करू या म्हणाली.

ऐकून झाल्यावर आबा म्हणाले, "माझी परीक्षा घे."

"आबा..."

"मी कोणाला ऐकीव गोष्टीवर नापास केलंय का? घे परीक्षा. पास झालो तर तो विषय संपला. नापास झालो तर आत्ताच्या आत्ता ठाण्यात जाऊ."

तिला नाही म्हणता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात एक बारीकशी आशाही होती. ते पास होतील, मग आपल्याला काहीच करावं लागणार नाही.

*

दोघं घरी जाऊन पेटीतलं पिस्तूल शेडमध्ये घेऊन आली. मुंगीला शेजारच्या काकूंकडे सोडलं. तिने स्वतः पिस्तूल उघडलं, पाहिलं, चाचपलं आणि मॅगझीनमध्ये लाल रंगाची नकली काडतुसं भरली. आबा कुरकुरले, खेळण्यातल्या गोळ्या देऊन म्हाताऱ्याला उभं करतेस. तरी ते नेम धरायच्या रेघेवर उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं, हात मागे बांधले. तिने समोर मास्तरांच्या जागी उभं राहायचं आणि त्यांनी विद्यार्थ्याच्या. दोघांनाही आपापल्या जागी उभं राहवेना. ते तिला एक पाऊल मागे सरक म्हणाले, परीक्षकाने डाव्या खांद्यामागे राहायचं असतं. ती सरकली.

पिस्तूल त्यांच्या हातात आलं आणि ते दहा वर्षांनी लहान झाले. पाठ सरळ, मान स्थिर. नळी एकदाही बांधावरून हलली नाही. बोट चापावर गेलं ते तिने सांगितल्यावरच, आणि तिने थांबा म्हणताच परत बाहेर आलं, पाण्यातून मासा निघावा तसं सहज. तिने मध्येच मुद्दाम हाक मारली, तर नळी बांधाकडेच ठेवून फक्त मान वळवून ओ दिली. या जागी नवशिके हटकून अख्खे वळतात. हे हात माझ्या बापाचे आहेत, ते कुठेही गेलेले नाहीत, असं तिला आत कोणीतरी सांगत होतं.

"आता रिकामं करून दाखवा," ती म्हणाली.

आबांनी स्लाइड ओढली.

एक लाल काडतूस उडून जमिनीवर पडलं. स्लाइड पुढे आली आणि दुसरं आत घेऊन बसली. मग त्यांनी मॅगझीन काढलं, टेबलावर सरळ ठेवलं, शेजारी पिस्तूल ठेवलं, मिटलेलंच. एक पाऊल मागे आले.

"रिकामं," आबा म्हणाले. आणि तिच्याकडे वळून पाहिलं. मुंगी बुटाची नाडी बांधून झाली की वर बघते ना, तसं.

शेडचा पत्रा उन्हाने कडकडत होता.

"सांग की. पास का नापास?"

ती खाली पडलेल्या लाल काडतुसाकडे बघत राहिली.

"परीक्षकाने तोंड लपवलं तर त्याने किल्ली परत द्यावी," आबा म्हणाले, आवाज चढवून. "मी तुला असं शिकवलं नाही."

"नापास, आबा."

त्यांना खरं वाटलं नाही. ते टेबलाशी गेले, पिस्तूल उचललं, बांधाकडे धरून स्लाइड ओढली. लाल काडतूस उडालं आणि त्यांच्याच बुटावर पडलं. त्यांनी ते वाकून उचललं, बोटांत फिरवून पाहिलं. मग ते हसले. रागावले असते, रडले असते तर तिला परवडलं असतं.

"तुझ्या भावाला मी याच्यावरच काढला होता नाही का?"

"हो."

"फार बोललो होतो त्याला." मग काडतूस टेबलावर ठेवून, "चल. ऊन आणखी चढायच्या आत जाऊन येऊ."

ठाण्यात टेबलामागे बसलेला पोलीस त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. मास्तरांना पाहून तो खुर्ची मागे सारून उठला, पंख्याचा वेग वाढवला, चहा मागवला. काय काम आहे ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. मास्तर, तुमचं कशाला, अजून दहा जणांना पुरून उराल, असलं काहीतरी म्हणाला. आबा म्हणाले, परीक्षेत नापास झालो रे, परीक्षक कडक आहे, आणि तिच्याकडे बोट दाखवलं. पोलीस आधी हसला, मग तिचं तोंड पाहून त्याने नोंदवही पुढे ओढली. त्याने पिस्तूल हातात घेतलं आणि तपासायला स्लाइडकडे हात नेला.

"आधी मॅगझीन," आबा म्हणाले.

"हो मास्तर. चुकलो."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर कोणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

*

पिस्तूल गेलं आणि ती निर्धास्त होईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. आबा परीक्षा विसरले, ठाणं विसरले, चहासुद्धा विसरले, पण पेटी विसरले नाहीत. आठवडा भरला की कपाट उघडत आणि रिकामी पेटी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. दरवेळी तिने खरं सांगितलं. कधी ते म्हणत, नापास कोणी केलं, तू केलंस ना, मग बरोबरच असेल. कधी म्हणत, चोरलंस, भावाला विकायला दिलंस. एकदा नुसतेच पेटी मांडीवर घेऊन गादीवर बसून राहिले. मुंगीने तिच्यात आपल्या रंगीत खडूंचे तुकडे आणून भरले. आबांनी झाकण लावलं आणि म्हणाले, आता ठीक आहे.

भाऊ एकदा येऊन गेला. आबांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, आपण फ्रिजवाले का?

आणि मग ती संध्याकाळ. शेडमधून यायला तिला थोडा उशीर झाला, दिवेलागण नुकतीच झाली होती. घरी मुंगीजवळ शेजारच्या काकू होत्या, पण गॅसवर दूध ठेवून आल्याचं आठवून त्या जरा वेळ आपल्या घरी गेल्या होत्या. तेवढ्यात आबांनी पुढच्या दाराला आतून कडी घातली होती. तिने दोनदा हाक मारली. उत्तर नाही. ती वळसा घालून मागे गेली. मागचं दार उघडंच होतं. अंधारी मोरी ओलांडून ती स्वयंपाकघरात आली.

"तिथेच थांबा."

आबा कपाट आणि भिंत यांच्या सांदीसमोर उभे होते. सांदीत मुंगी होती, तिचा फक्त एक डोळा आणि वेणीची रिबीन दिसत होती. आबांचा डावा हात मागे, नातीच्या डोक्यावर. उजवा हात पुढे, कोपरात किंचित वाकलेला, मूठ वळलेली. मुठीत काही नव्हतं. पण पाय, खांदे, हनुवटी, सगळं जिथल्या तिथे होतं. ते थरथरत नव्हते.

"आबा, मी आहे," ती म्हणाली.

"तुम्ही कोण ते मला माहीत नाही. हात दिसतील असे धरा. माझ्या घरात लहान मूल आहे, मी पुन्हा सांगणार नाही."

तिने हात वर केले. तळवे उघडे, बोटं पसरलेली. आवाज बारीक, हालचाल सावकाश. घाबरलेल्या माणसासमोर कसं उभं राहायचं, ते तिला येत होतं.

"बाई, तुम्हाला काय हवं ते न्या," आबा म्हणाले. "पैसे त्या डब्यात आहेत. पण इकडे पाऊल टाकू नका. माझी मुलगी आता येईल. तिची गाठ पडली तर जड जाईल तुम्हाला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. असा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही."

उभ्या जन्मात त्यांनी हे तिला कधी सांगितलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर वितळायला लागलं, पण डोळे पुसायला हात खाली घेता येत नव्हता. "जाते मी," ती म्हणाली. "काही नको मला." आणि तोंड त्यांच्याकडेच ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत, मोरी ओलांडून ती आपल्या घरातून बाहेर पडली. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

भिंतीला हात लावत ती पुढच्या दाराशी आली. पदराने तोंड पुसलं. बेल वाजवली आणि मोठ्याने म्हणाली, "आबा, मी आलेय." या वेळी पावलं जवळ आली. कडी निघाली.

"आलीस?" आबांचा चेहरा सैल झाला, एकदम म्हातारा झाला. "बरं झालं बाई आलीस. कोणीतरी बाई शिरली होती घरात."

"मग?"

"घालवली. पोरीला काही झालं नाही." त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले, खूप दूरवरून चालत आल्यासारखे. "तू पाणी पी आधी. दमलेली दिसतेस."

ती पाणी प्यायली. त्यांनाही दिलं. काकू पातेलं घेऊन आल्या, दारातूनच दूध उतू गेल्याचं सांगत, आणि दोघांची तोंडं पाहून ते अर्धंच सोडून ओट्याकडे गेल्या.

मुंगी सांदीतून बाहेर आली. नेहमीसारखी धावत येऊन आईच्या पायांना बिलगली नाही. आधी आजोबांपाशी गेली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली, तिकडूनच आईकडे बघत राहिली. आईने खाली बसून हात पसरले, तेव्हा आली. तिच्या केसांना कपाटामागच्या धुळीचा वास येत होता. तिने आईच्या गालावरून बोट फिरवलं, ते ओलं झालं ते पाहिलं, आणि आजोबांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी कानाशी तोंड नेलं.

"आई, ती बाई तर तूच होतीस ना? मग आबा मला कोणापासून वाचवत होते?"